लाल वही आणि खणातली वही

चौकशीकाकांनी विमानतळ बंद पाडला. मुद्दाम नव्हे, आणि वाईट बुद्धीने तर मुळीच नव्हे. चांगुलपणाने पाडला, म्हणून तर त्यांना कुणाला धड शिव्याही देता आल्या नाहीत. शहरातून तपासणीला आलेल्या बाईंनी प्रवाशांच्या अभिप्रायांची वही मागितली. काकांकडे दोन होत्या. त्यांनी टेबलावरची लाल वही पुढे केली आणि खणातली खणातच ठेवली. विमानतळ बुडवायला एवढं पुरलं.

आता विमानतळ म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. एक दालन, त्यात छत्तीस खुर्च्या, त्यांतल्या चार मोडक्या. सामान तोलायचा एक काटा आणि त्या काट्याशी बसलेला काटेवाला. सामानासाठी एक फिरता पट्टाही होता, पण तो उद्घाटनाच्या दिवशी फिरला तेवढाच. त्यानंतर सामान माणसंच फिरवत. दिवसाला एक विमान. सकाळी नऊ चाळीसला यायचं, दहा वीसला जायचं, आणि उरलेला दिवस सगळा विमानतळ दुसऱ्या दिवशीच्या नऊ चाळीसची वाट बघत बसायचा. दाराशी डाव्या हाताला काचेची खिडकी, तिच्यावर ‘चौकशी’ अशी अक्षरं, आणि काचेतलं बोलायचं भोक इतकं खाली की विचारणाऱ्याला वाकावंच लागे. त्यामुळे बारा वर्षं काकांना प्रत्येक माणूस नमस्कार केल्यासारखाच दिसला. माणसांविषयी त्यांचं मत चांगलं होतं, त्याचं हेही एक कारण असेल.

गावात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. बाजारात भेटले की लोक विचारत, “काका, आज आलं का?” घरात कुणी आजारी असलं की ‘आज जेवले का’ असं विचारतात ना, त्या आवाजात. आलं म्हटलं की विचारणाराही हुश्श करायचा. वास्तविक निम्म्या गावाने त्या विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. खुद्द काकांनीही नाही. नोकरांना वर्षातून एक फेरी फुकट असे, पण काका म्हणायचे, मी गेलो तर चौकशीला कोण? काकू म्हणायच्या, तुमची चौकशी करणारी मी एकटी, ती घरातच आहे, तेव्हा खुशाल जा. काका गेले नाहीत.

दोन वह्यांची भानगड अशी.

पहिल्या वर्षी वही एकच होती. काकाच तिचे मालक; येणाऱ्याजाणाऱ्याला ते आग्रहाने बसवून लिहायला लावत. एका यंत्रविक्याने त्यात लिहिलं, ‘या गावात पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे, परतीचं विमान.’ दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते मोठ्याने वाचलं आणि सगळं दालन हसलं. काकाही हसले. मग त्यांचं लक्ष गेलं ते त्या दिवशीच्या विमानातून उतरलेल्या एका मुलीकडे. गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून तिची पहिली नेमणूक होती. दोन बॅगा, एक गुंडाळलेली गादी. ती हसली नाही. बॅगेवर बसली आणि बाहेरच्या मोकळ्या माळाकडे बघत राहिली. काकांना वाटलं, आपल्या दारात आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कुणी असं ऐकवावं? घरी पाहुणे यायचे तर पसारा आतल्या खोलीत ढकलून दार ओढून घ्यायचं, ही त्यांची लहानपणापासूनची शिस्त. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच आठवड्यात त्यांनी शाळेची असते तशी एक रेघांची वही आणली आणि खणात ठेवली.

तेव्हापासून प्रवासी काचेशी येईपर्यंत काका त्याची चाल बघत. बॅग उचलून येणाऱ्याला लाल वही. बॅग फरफटत आणणाऱ्याला खणातली. बायका बोलताना गळ्यातली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायला लागल्या की खण उघडायची वेळ झाली, हेही त्यांना कळत असे. शंभरात पाच वेळा चुकत असतील. लाल वहीत लिहिलेलं असे, ‘इतका शांत विमानतळ प्रथमच पाहिला.’ खणातल्या वहीत त्याच तारखेला, ‘विमानतळ आहे की वाचनालय? पाणीही मिळालं नाही.’ लाल वहीत, ‘गावाचे दोन्ही रस्ते स्वच्छ.’ खणातल्या वहीत, ‘रस्ते दोन, दोन्ही बंद.’ काकांनी एकाही पानाला कधी कात्री लावली नाही, एक अक्षर खोडलं नाही. दोन्ही वह्यांत सगळं खरंच होतं. फक्त एक वही बाहेरच्या खोलीत होती आणि एक आतल्या.

खणातल्या वहीत जास्त जागा खाल्ली होती धुक्याने. थंडीचे दोन महिने सकाळी धावपट्टीवर धुकं बसायचं, ते कधी दहाला उठे, कधी बाराला, कधी उठतच नसे. धुक्यात विमान उतरवायचं यंत्र या विमानतळाला मिळालेलं नव्हतं. मग वरून आवाज यायचा, विमान दिसायचं नाही. दोन घिरट्या घालून ते आल्या वाटेने परत जायचं. खाली छत्तीस खुर्च्यांवर माणसं, आणि काचेमागे काका. “तासाभरात निवळेल,” ते सांगत. तासाभराने पुन्हा तेच. एका गृहस्थाने लिहून ठेवलं होतं, ‘सात वेळा तासाभरात. आठव्या वेळी मी बस धरली. वडिलांचं तोंड बघायला पोचलो नाही.’ काकांनी ते वाचलं, वही मिटली आणि खण लावला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पण त्या ओळी वर पाठवाव्यात असं काही त्यांच्या मनात आलं नाही. घरातली दुःखं चव्हाट्यावर मांडतं का कुणी?

शेवटी वरच्या कचेरीत ठरलं की या विमानतळाचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा. एक तर यंत्र द्यायचं, नाहीतर विमान बंद करायचं. दोन्हीतलं काय, ते ठरवायला तपासणीच्या बाई आल्या. विमानतळाचे साहेब आठ महिन्यांपूर्वीच बदलून आलेले. खणातल्या वहीचा त्यांना पत्ता नव्हता. तपासणी म्हटल्यावर कुठलाही साहेब जे सांगतो तेच त्यांनी सांगितलं: सगळं नीट दिसलं पाहिजे. काकांनी आदल्या दिवशी काच पुसली, मोडक्या चार खुर्च्या मागच्या भिंतीशी लावल्या, आणि लाल वहीला नवं आवरण घातलं.

बाई नेमक्या स्वच्छ उन्हात उतरल्या. बोलायला गोड होत्या. चहा घेतला, चांगला झालाय म्हणाल्या. मग पस्तीस मिनिटं लाल वही वाचत बसल्या. अधूनमधून हसत होत्या. काकांना वाटलं, बारा वर्षांचं चीज झालं.

वही मिटून बाईंनी विचारलं, “धुक्याचा लोकांना बराच त्रास होतो म्हणे?”

“होतो तर,” साहेब म्हणाले. “मागच्या थंडीत एकोणीस दिवस विमान उतरलंच नाही.”

“पण यात तर एकानेही तसं लिहिलेलं नाही.”

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांचा गुडघा खणाला टेकलेला होता. हात कडीपर्यंत गेलाही, असं काटेवाला नंतर शपथेवर सांगायचा. पण समोर बाई बसल्या होत्या, शहरातून आलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या, चहाला चांगलं म्हणणाऱ्या. काकांनी हात मांडीवर घेतला.

“बाई,” ते म्हणाले, “आमच्याकडून पाहुणा नाराज होऊन जात नाही.”

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

सहा आठवड्यांनी कागद आला. प्रवाशांची तक्रार अथवा मागणी नोंदलेली आढळत नाही, सबब यंत्रावरील खर्च समर्थनीय नाही. यंत्राशिवाय थंडीत नियमित सेवा शक्य नाही, सबब महिनाअखेरपासून सेवा बंद. अपील करायचं असल्यास तीस दिवसांत. साहेबांनी तो कागद दोनदा वाचून दाखवला. काटेवाला म्हणाला की बारा वर्षं दुसऱ्यांचं ओझं तोललं, आता आपलं कोण तोलणार. कुणी हसलं नाही.

काका उठले, खणातली वही काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी पहिलं पान उलटलं, मग दहावं, मग चाळिसावं.

“त्या दिवशी ही का दिली नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“बाई पाहुण्या होत्या, साहेब.”

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटून काकांच्या हातात दिली. मग म्हणाले की अपील लिहितो, वही घेऊन तुम्हीच जा, आणि या वेळी तरी विमानाने जा, तुमची फेरी शिल्लक आहे.

गुरुवारी सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून विमानतळावर आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या या बाजूला, खुर्चीत बसले. धुकं होतं. नऊ चाळीसला वरून आवाज आला, दोनदा फिरला आणि गेला. खिडकीत काकांच्या जागी काटेवाला बसला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “काका, परत येईल बहुतेक. तासाभरात निवळेल.” काका एक वाजेपर्यंत बसले. मग बस धरली. चौदा तास.

शहरातले लोक आपल्या गावात येऊन काय काय लिहून जातात, ते काकांनी बारा वर्षं वाचलं होतं. बसमधून उतरल्यावर त्यांना वाटलं, आता आपली पाळी. मनातल्या मनात त्यांनी लिहायला घेतलं: रस्ते रुंद, ओलांडता येत नाहीत. इमारती उंच, दार सापडत नाही. माणसं पुष्कळ, पण विचारावं असं तोंड एकही नाही. मुख्य कचेरीच्या तळमजल्यावर मोठ्या अक्षरांत ‘चौकशी’ लिहिलेली खिडकी दिसली तेव्हा मात्र त्यांना भावकीतलं कुणी भेटल्यासारखं झालं. आत खुर्चीच्या पाठीला एक कोट अडकवलेला होता. माणूस नव्हता. काका अर्धा तास त्या कोटापुढे उभे राहिले. स्वतःच्या धंद्याची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

शेवटी झाडणाऱ्या बाईने सांगितलं, अपील चौथ्या मजल्यावर. तिथला कारकून तरुण होता, सभ्य होता. त्याने अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि खणातली वही चाळू लागला. दोनतीन ठिकाणी त्याला हसू आलं, एका ठिकाणी तो थबकला. काकांना आशा वाटली. गावाहून निघाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी पाठ टेकली.

“ही वही तपासणीच्या दिवशी होती?”

“होती.”

“कुठे?”

“खणात.”

कारकुनाने फाइल काढली. तिच्यात लाल वहीच्या पानांच्या प्रती होत्या, आणि सगळ्यांत वर काकांचं वाक्य, टंकलेलं.

“दोन्ही वह्या तुमच्याच ताब्यातल्या?”

“हो.”

“एकीत कुणालाच त्रास नाही. दुसरीत त्रासाशिवाय काही नाही. खरी कुठली?”

“दोन्ही खऱ्या आहेत हो.”

“असं चालत नाही, काका,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “एक खोटी म्हणालात तर दुसरीचं काही करता येईल. दोन्ही खऱ्या म्हटल्यावर दोन्ही बाद होतात.”

आता इथे एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. लाल वही खोटी, माझी लबाडी आहे, माझ्यावर काय ती कारवाई करा, एवढंच. वाटेत बसमध्ये काकांनी स्वतःला वाटेल त्या शिव्या दिल्या होत्या. ही शेवटची एक काय जड होती? पण लाल वहीत बाराशे लोकांच्या सह्या होत्या. कुणी निघताना पोराला हात धरून त्यात नाव लिहायला लावलं होतं. कुणी गावाचं आकाश आवडलं म्हणून लिहिलं होतं. त्या शिक्षिकेनेही, चार वर्षांनी बदली होऊन जाताना, लाल वहीच मागून घेतली होती. त्या सगळ्यांना खोटं ठरवायला काकांची जीभ उचलेना. ते नुसते म्हणाले, “खोटी एकही नाही.” कारकुनाने अर्ज ठेवून घेतला आणि वही परत दिली.

बाहेर पडायच्या दाराशी एक यंत्र उभं होतं. त्याच्यावर चार तोंडं काढलेली: एक हिरवं हसरं, एक जरा कमी हसरं, एक आंबट, एक लाल रडवं. वर लिहिलं होतं, आजचा आपला अनुभव कसा होता? काका थांबले. शहरात आल्यापासून त्यांना आपुलकीने काही विचारणारं ते पहिलंच. मागे चारपाच माणसं खोळंबली होती, रखवालदार हाताने ‘चला, चला’ करत होता. काकांनी बोट पुढे केलं आणि हिरवं हसरं तोंड दाबलं. यंत्र म्हणालं, धन्यवाद.

आपण काय केलं ते त्यांना रस्त्यावर आल्यावर कळलं. तिथेच, कठड्याला धरून, ते किती वेळ उभे होते कोण जाणे. परत जाऊन दुसरं तोंड दाबावं असं मनात आलं, पण रखवालदार पुन्हा आत सोडेल असं वाटेना. आणि दाबून तरी काय होणार होतं.

घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, यंत्राचंही. काकू कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, “तुमच्या हातात दगड दिला असता तरी तो तुम्ही पुसून परत दिला असतात.” मग सुरी बाजूला ठेवून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. हे त्यांनी लग्नानंतर मोजून दोनतीन वेळा केलं असेल.

अपिलाचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. महिनाअखेरीस शेवटचं विमान आलं तेव्हा ऊन होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. आत नऊ प्रवासी. गावातले शंभरेक लोक कुंपणाशी उभे होते. कुणी हात हलवला नाही, कारण कुणाला हलवायचा ते कळेना. साहेबांची बदली झाली. काटेवाला काटा घेऊन दुसरीकडे गेला, म्हणजे काटा कचेरीचा होता पण मागायला कुणी आलं नाही. काकांची नोकरी कंत्राटाची, ती संपली. वय त्रेपन्न. मेहुण्याचं गावात लोखंडी सामानाचं दुकान होतं, तो म्हणाला, “दाजी, आमच्याकडे या. खिळे-मोळे कुठे आहेत ते गिऱ्हाईकाला सांगायचं, तुमचं तेच काम.” बायकोचा भाऊ, तेव्हा हसणं भागच होतं. काका हसले आणि जायला लागले.

बाजारात आता कुणी ‘आलं का’ विचारत नसे. माणसं त्यांना बघून भाजीच्या भावाचं बोलायला लागत. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना डोळ्यांच्या उपचाराला शहरात न्यायचं होतं. चौदा तासांची बस त्यांना झेपेना, म्हणून नेलंच नाही. त्यांची सून दुकानात कडीकोयंडा घ्यायला आली. काकांनी तिला मापाचा कोयंडा शोधून दिला, दोनदा पुसून दिला.

मग रविवारी दुपारी काका दोन्ही वह्या घेऊन बसायला लागले. लाल वही ते उघडत नसत. खणातल्या वहीत तीनशे अठरा तक्रारी निघाल्या. एकशे शहाण्णवांखाली पत्ता होता. त्या एकशे शहाण्णवांना एकेक पोस्टकार्ड लिहायचं त्यांनी ठरवलं. ‘आपली तक्रार खरी होती. ती वेळेवर पुढे देणं माझं काम होतं. मी दिली नाही. आता तो विमानतळ बंद झाला आहे.’ खाली सही, आणि कंसात चौकशी खिडकी. काकू म्हणाल्या, हे वरातीमागून घोडं कुणासाठी? लोक कधीच विसरले असतील. पण पत्ते त्याच घालू लागल्या, काकांचं अक्षर पोस्टमनला लागत नसे म्हणून.

वडिलांचं तोंड बघायला न पोचलेल्या गृहस्थांना काकांनी चार कार्डं लिहिली आणि चारही फाडली. पाचवं टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. एकूण उत्तरं आली सात. पाच जणांनी ‘आठवत नाही’ असं कळवलं होतं, एकाने विमानतळ पुन्हा कधी सुरू होणार अशी चौकशी केली होती, आणि एक कार्ड ‘पत्त्यावर नाही’ असा शिक्का घेऊन परत आलं. काका तेही उत्तरातच धरत.

सगळी कार्डं टाकून झाली त्या रविवारी वही मिटायच्या आधी काका उरलेली पानं, बिनपत्त्याची, एकदा नजरेखालून घालत होते. दोनशे सतराव्या पानावर तळाशी बारीक अक्षरात होतं: ‘दुसऱ्याला अभिप्राय लिहायला माझं पेन मागून घेतलंत आणि ते परत दिलं नाहीत. विमानाची वेळ झाली म्हणून शेजाऱ्याच्या पेन्सिलीने एवढं लिहून जातो. काळं पेन आहे, टोपणाला सोनेरी पट्टी. आसन चार ब.’

काकांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं. काळं होतं. टोपण वहीच्या घडीत पडलं होतं, त्याच्यावर पट्टी होती. सोनेरी रंग गेला होता, खालचं पितळ दिसत होतं. एकशे शहाण्णव कार्डं त्यांनी त्याच पेनाने लिहिली होती.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

काकांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. काकूंनी ओळी वाचल्या, सही उजेडाकडे धरून बघितली, उलटी करूनही बघितली. नाव लागेना. तारीख होती, पत्ता नव्हता.

“पाठवायचं कुठे?” त्या म्हणाल्या.

काकांनी टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं. खिशाला लावलं नाही.